अजीमचं कॉलेज

पलूसमध्ये एमबीबीएस झालेल्या पोरीला कुणी डॉक्टर म्हणत नाही. "पुढं काय?" एवढंच विचारतात. किराणा दुकानदार विचारतो, दूध घालायला आलेला विचारतो, आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. साक्षीचं उत्तर तयार होतं. एमडी मेडिसिन करायचं. परीक्षेत नंबर चांगला लागला होता, जागा मिळणार हे नक्की होतं. घोडं अडलं होतं ते प्रवेशाच्या पसंतीक्रमात पहिलं कॉलेज कुठलं टाकायचं इथं. एकदा लॉक केलं की बदल नाही, आणि लागेल तिथं तीन वर्षं काढायची. मध्येच सोडून आलेल्यांचे हाल कुत्रं खात नाही, हे तिनं इंटर्नशिपमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिच्यापुढं दोन नावं होती. एक शहरातलं मोठं सरकारी कॉलेज. नाव काढलं की समोरचा सावरून बसतो. दुसरं अलीकडच्या एका जिल्ह्यातलं लहान कॉलेज, ज्याचं नाव दोनदा सांगावं लागतं.

तिचे वडील लालासाहेब, तिचे अण्णा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आता ऊस बघतात. त्यांचा निर्णय कधीच होऊन गेला होता. "मोठ्याच ठिकानी जायाचं. रगडा बसल्याबिगार जवान तयार हुत न्हाई."

शिवाय मोठ्या कॉलेजात अजीम होता. शेजारच्या रहिमान मिस्त्रींचा अजीम, साक्षीपेक्षा एका वर्षानं पुढं, आणि तिथंच मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला. म्हणजे घरचाच माणूस. साक्षी त्याच्या आईकडं, खातूनचाचीकडं जायची आणि चाचीच्या स्वयंपाकघरात बसून त्याला फोन लावायची. पेशंट किती असतात, शिकवतं कोण, मानेच्या शिरेत नळी घालायला पहिल्या वर्षाला देतात का, सगळं विचारायची. अजीमचं एकच पालुपद. "लय भारी हाय. डोळं झाकून ये."

लहान कॉलेज ती मागच्या आठवड्यात बघून आली होती. यंत्रं जुनी, दुर्मीळ आजाराचे पेशंट क्वचितच. पण तिथली पहिल्या वर्षाची अंकिता एका झटके येणाऱ्या बाईजवळ उभी असताना तिनं सिनिअरला फोन लावला, आणि तो हातातला वडापाव तसाच घेऊन पळत आला. साक्षीनं हे घरी सांगितलं तेव्हा लालासाहेब हसले. "वडापाव बघून कालिज ठरीवतीस व्हय?"

साक्षीलाही स्वतःचं हसू आलं. तरी मन घेईना. लॉक करायच्या आदल्या दिवशी तिनं चाचीकडून अजीमसाठी भाकरी आणि मटणाचं सुकं घेतलं आणि किर्लोस्करवाडीवरून गाडी पकडली.

अजीम वॉर्डात सापडला. तिनं त्याला आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, बुटाच्या नाड्या सुटलेल्या, पाय सुजल्यामुळं त्या बांधताच येत नसाव्यात. तो तिच्याकडं बघून हसला आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरचा म्हातारा धापा टाकायला लागला. ओठ निळे पडत चालले होते. छातीत पाणी भरलंय हे साक्षीलाही लांबून कळलं.

अजीमनं म्हाताऱ्याला उठवून बसतं केलं, ऑक्सिजन वाढवला, इंजेक्शन दिलं. मग मोबाइल काढला, सिनिअरचं नाव पडद्यावर आणलं आणि तसाच बघत राहिला. अंगठा काही खाली येईना.

"अजीमभाई, फोन कर की!"

"परवा केला हुता."

"मग?"

"एवढं बी जमत न्हाई का म्हनला. राउंडला सगळ्यांम्होरं कान धरून हुबा केला. पेशंटबी बघत हुते."

म्हातारा श्वासासाठी खाटेची दांडी घट्ट धरून बसला होता आणि अख्ख्या वॉर्डात त्याला वाचवायला हा एक पोरगा, ज्याचे हात थरथरत होते. तिनं म्हाताऱ्याचा खांदा धरून ठेवला. अजीमनं पुन्हा औषध दिलं, नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. बराच वेळ काहीच फरक पडेना. मग लघवी व्हायला लागली, छातीतलं पाणी उतरू लागलं आणि हळूहळू ओठांचा रंग परत आला. अजीम भिंतीला टेकला आणि सरळ खाली बसला.

वाचवलं खरं. साक्षीच्या मनात हेही येऊन गेलं की असं एकट्यानं करणारा इथंच घडतो, अण्णा म्हणतात ते खोटं नाही. पण तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तो विचार तिला धरवेना.

जिन्याच्या पायरीवर बसून अजीमनं भाकरी मोडली. एक घास तोंडात फिरवत राहिला.

"तू तर लय भारी हाय म्हनायचास," साक्षी चिडून म्हणाली. "मी तुझ्यावर इसवास ठेवला."

"तू फोन करायचीस तवा तुझ्या शेजारी कोन असायचं?"

शेजारी चाची असायची. लेकाचा आवाज तिलाही ऐकायचा असायचा, म्हणून फोन स्पीकरवर. आमच्याकडं बाहेरगावच्या पोराचा फोन कधी एकट्याचा नसतोच, अख्खं घर कान लावून बसतं. आणि अशा फोनवर पोरगा नेहमी पोटभर जेवलेला असतो, त्याचं नेहमी छान चाललेलं असतं. चांगली शिकलीसवरली पोरगी, पण आईसमोर लेकाला खरं विचारायचा बावळटपणा तिनं दर वेळी केला होता.

"हितं येऊ नगंस," अजीम म्हणाला. मग मान खाली घालून पुढं म्हणाला, "पर आलीस तर मला जरा झोप मिळंल. खोटं कशाला बोलू? मी तुला ये म्हनायचो त्यात त्येबी हुतं."

निघताना त्यानं तिचा हात धरला. "अम्मीला सांगू नगं. शपथ हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पसंतीक्रम बंद होणार होता. दुपारी साक्षी लॅपटॉप उघडून बसली. लालासाहेब शेजारी खुर्ची टाकून बसले, जणू कवायत बघायला आलेत. तिनं लहान कॉलेज वर नेलं तशी त्यांची मिशी हलली.

"काय करतीस? घाबरलीस?"

"व्हय, घाबरले," साक्षी म्हणाली. तिचा आवाज चढला. "अण्णा, तुमचा कवायतीचा उस्ताद रगडा द्यायचा. पर जवान पडला तर त्याला तसाच टाकून निजायला जायचा का?"

लालासाहेबांना राग आला होता, बोलायला तोंडही उघडलं होतं. पण प्रश्न फौजेचा होता आणि त्याचं उत्तर खोटं देणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "उस्ताद समद्यांच्या शेवटी निजायचा." आणि खुर्ची मागं सरकवून ओसरीवर जाऊन बसले.

तिनं लॉक केलं. छातीवरचं ओझं उतरेल असं तिला वाटलं होतं, ते काही उतरलं नाही. तेवढ्यात ओसरीवरून चाचीचा आवाज आला. हातात वाटी, वाटीत गरम शिरा.

"झालं का गं? माज्या अजीमच्या कालिजात ना? आता दोगं हुतासा, मला घोर न्हाई. त्यो जेवला हुता का काल? कसा दिसत हुता?"

साक्षीनं बाहेर येऊन वाटी हातात घेतली. अजीमची शपथ होती. चांगला दिसत होता, एवढं म्हटलं की चाची खूश होऊन घरी गेली असती. मग तिला तो मोबाइलवर थबकलेला अंगठा आठवला.

"न्हाई चाची. मी त्ये कालिज पयलं टाकलं न्हाई." "आनी अजीमभाई बरा न्हाई. झोपत न्हाई, जेवत न्हाई. हात थरथरत्यात त्याचं. त्यानं मला सांगू नगं म्हनून शपथ घातली हुती."

खातूनचाची रडेल, निदान आकांत करेल, असं साक्षीला वाटलं होतं. चाची ओसरीच्या कडेला टेकली. पदर नीट केला. लालासाहेबांकडं बघितलं, मग साक्षीकडं. तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना.

"तू बगून आलीस, आन् तुजं कालिज बदललंस. चांगलं केलंस, बाई. पर माजं लेकरू आत हाय त्येला कोन बदलून देनार?"

मग लालासाहेब उठले, आत गेले आणि अंगावर सदरा चढवत बाहेर आले.

"चला वहिनी," ते म्हणाले. "रहिमानलाबी हाक मारा. आपुन अजीमकडं जाऊ."