हाताशी असावा म्हणून भरलेला फॉर्म
डिंकाचा वास आला की मला काळाचौकीतली आमची खोली आणि फॉर्मवर चिकटवलेला माझा वाकडा फोटो आठवतो. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं, गिरणीत माग चालवणारे बाबा घरीच असायचे, आणि बारावी झालेली मी कॅलेंडरच्या पाठीवर चाळीतल्या मांजरांची पाच पिढ्यांची वंशावळ चितारत बसायची. मला फक्त चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. "मांजरांचो वंश काढून पोट भरतला काय गो?" म्हणत आईने कॉमर्स कॉलेजचाही एक फॉर्म भरायला लावला, हाताशी असावा म्हणून, आणि शेवटच्या दिवशी तो बाबांच्या खिशात कोंबला. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी गेलेले बाबा दिवेलागणीला परतले. घसा पार बसलेला आणि फॉर्म खिशात तसाच! "कॉलेजचे शिपाई गेटवर संपार बसलेत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तेंका वलांडून मी आत कसो जाव?" आई कडाडली, "फॉर्म देवक सांगितलंय, माग चालवूक नाय!" बाबा हळूच म्हणाले, "भाषण बरा झाला पण." चित्रकलेच्या कॉलेजने मला घेतलं, म्हणून बाबा वाचले. आता मी तिथेच शिकवते. गेल्या महिन्यात आमच्या गेटवर शिपाई संपावर बसले होते, आणि संध्याकाळी मुलगी मला म्हणाली, "अगं आई, आत जाऊन नुसती हजेरीची सही तर करायची होती!" मी गुळण्यांसाठी पाणी गरम करायला ठेवलं. घसा बसला होता.