आयलीची फुलाफुलांची चादर

असं समजा, की तुम्हाला स्पीकरच्या दोन जोड्यांमधून एक निवडायची आहे. समोर दोरीवर एक जुनी फुलाफुलांची चादर टांगली आहे आणि दोन्ही जोड्या तिच्यामागे आहेत. डोळे मिटायचे, एकच गाणं दोनदा ऐकायचं आणि ज्या खेपेला जास्त आवडलं तिला हात वर करायचा. सोपं आहे ना? आता असं समजा, की त्यातली एक जोडी तुम्ही स्वतःच्या हातांनी बांधली आहे.

कॅनडातल्या थंडर बेमधल्या, फिनलंडहून आलेल्यांनी बांधलेल्या फिनिश हॉलच्या तळघरात आम्ही शनिवारी दुपारी जमतो. तिथे ही चादर आणली आयली कोयोलाने. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला. हेडफोन कुठला घेऊ, गाडीची बॅटरी थंडीत का बसते, ओल्या बुटांचा वास कसा घालवू, काहीही विचारायला लोक तिच्याकडेच येतात. नवा स्पीकर घ्यायचाय म्हटलं की ती म्हणते, "आधी जुना भिंतीपासून हातभर पुढे ओढ. मग सोफा सरकव. तरीही रडू आलं तर दुकानात जा." निम्मे लोक दुकानात जातच नाहीत. उरलेल्यांसाठी चादर. "कानांना किंमत वाचता येत नाही," ती म्हणते, "म्हणून डोळे झाकायचे."

तीन हिवाळे खपून तिने बर्चच्या प्लायवूडचे स्पीकर बांधले. त्याच सुमारास गार्थ पेलटियरने, म्हणजे घरांवर छपरं घालणाऱ्या आमच्या गार्थने, डेन्मार्कहून चकचकीत जोडी मागवली.

"काय गं आयली, तुझी ती खोकी माझ्यासमोर ठेवायची हिंमत आहे?"

"ठेवते की. हरले तर सौनाच्या शेगडीत जाळीन. बर्चचं लाकूड छान पेटतं."

"मग वाफ घ्यायला टॉवेल घेऊनच येतो!"

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण तिची पहिली जोडी तिने खरोखरच जाळली होती.

ठरलेल्या शनिवारी चादरीमागे मी होतो. आधी मीटर लावून दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा केला, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच जास्त गोड वाटतो. मग नाणं उडवलं. पहिली आयलीची जोडी आली, दुसरी गार्थची. गाणं म्हणजे याच हॉलमधल्या नाचाच्या वेळी टिपलेली अकॉर्डियनची धून. मी ती दोनदा वाजवली आणि चादरीच्या कडेने डोकावलो. सहा जण डोळे मिटून बसले होते.

"पहिली?"

चार हात वर गेले. मला शिट्टी वाजवावीशी वाटली.

"दुसरी?"

गार्थचा हात वर गेला. आणि आयलीचा. तिचा हात तर अगदी ताठ, शाळेत उत्तर येत असल्यासारखा.

मी चादर ओढली. सगळ्यांनी डोळे उघडले, आधी स्पीकर पाहिले, मग तिचा हात पाहिला. तिने तो अजून खाली घेतला नव्हता.

गार्थच घाईने म्हणाला, "अगं, तुझी गल्लत झाली असेल. परत घेऊ. हे धरायचं नाही."

"का नाही धरायचं? हात माझाच आहे. चार विरुद्ध दोन. खोकी जिंकली, तू हरलास, आणि टॉवेल घरी ने."

तेव्हा कुठे सगळे हसले आणि टाळ्या पडल्या. याच तळघरात लोक एका वायरीसाठी तासन्‌तास भांडलेले मी पाहिलेत. आपल्याच कामाविरुद्ध वर गेलेला हात तसाच ठेवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या हॉलची आहे ती, हे मी हल्ली कुणी न विचारताही सांगतो.

कॉफी झाली, लोक कोट चढवू लागले. आयली गार्थच्या स्पीकरसमोर गुडघ्यांवर बसली होती, कान जवळजवळ जाळीला लावून.

"गार्थ, ही जोडी आठवडाभर माझ्याकडे राहू दे."

"जाळणार नाहीस ना?"

"गप रे." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "त्या चौघांना माझ्या जोडीत जे ऐकू आलं, ते मला का आलं नाही? लाकूड चुकलं, की माझे कान म्हातारे झाले?"