मीटरवरची पावलं

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माणूस. आता लातूरला क्लासमध्ये फिजिक्स घेतो, ही गोष्ट घडली तेव्हा नांदेडला कॉलेजात शिकवत होतो. भुताखेताचा विषय निघाला की मी उठून जायचो. पण हे माझ्यासमोर झालं...

त्र्याण्णवच्या भूकंपात माझी मोठी बहीण, अक्का, गेली. औशाच्या पुढचं तिचं गाव सगळं खाली बसलं. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. दाजी मात्र रोज दुपारी पडलेल्या घराच्या जागेवर सतरंजी टाकून बसायचे. ते रडले नाहीत. मीही नाही. आत काही हलतच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना नांदेडला न्यायला गेलो. सोबत मी बनवलेलं, जमिनीची थरथर मोजायचं सर्किट होतं — जमिनीत खोचायचा सेन्सर, पुढे लॉग अँप्लिफायर. साध्या मीटरवर मोठ्या धक्क्यापुढे बारीक हालचाल दिसतच नाही. लॉगमुळे दोन्ही एकाच मीटरवर वाचता येतात. म्हटलं, इथं शांत आहे, तपासून घेऊ.

दाजींच्या सतरंजीजवळ सेन्सर खोचला. काटा हलला. जोरात एकदा, मग अगदी हलका. परत तसंच.

वारं पडलेलं. आसपास माणूस नाही, जनावर नाही. सेन्सरची वायर काढली, काटा खाली. लावली — पुन्हा तेच, आणि वाढत चाललेलं. म्हणजे जवळ येत होतं.

"कुणीतरी चालायलंय," दाजी काट्याकडे बघत म्हणाले.

"सर्किट तापलं असंल, दाजी."

"न्हाई. एक पाय घासायलाय."

अक्काला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय ओढत चालायची.

दाजी सतरंजीवर थोडे सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा केली. आणखी एक जोराचा ठोका, एक हलका... आणि काटा खाली बसला तो बसलाच.

मला भीती वाटली नाही. रडूही आलं नाही.

बऱ्याच वेळानं दाजी उठले, सतरंजी झटकून घडी केली. "चल. येतो तुझ्याकडं."

तोवर किती जणांनी विनवलं होतं, ते जागचे हलले नव्हते.

नांदेडला ट्रान्झिस्टर बदलून पाहिले, तापवून पाहिले. पुढे अँटिलॉग, म्हणजे लॉगच्या उलटं काम करणारं सर्किट, जोडून मूळ सिग्नलशी ताळा घेतला. सर्किटमध्ये दोष नव्हता.

दाजी आजही आमच्याकडेच असतात. मध्यंतरी ते मेथी निवडत बसले होते, तेव्हा एकदाच विचारलं, "त्या दिवशी काय होतं ते?"

"आली, बसली," ते म्हणाले. "त्याच्यापुढचं मला न्हाई ठाऊक."

मलाही नाही.