राजनंदिनीची पहिली हळद

कळंबच्या नकोशीसमोर विनया वकीलबाईंचा विषय काढू नये. काढलाच, तर हातातला चहा गार होईपर्यंत ऐकत बसायची तयारी ठेवावी. नवरा सिद्धू गेला तेव्हा भावकीनं तिचं उसाचं रान गिळायचा घाट घातला होता. बारामतीहून येऊन इंदापूरच्या कोर्टात बाई तिच्यासाठी भांडल्या आणि सातबाऱ्यावर नकोशीचं नाव लागलं. तेव्हापासून बारामतीला जाताना तिच्या पिशवीत बाईंसाठी शेवग्याच्या शेंगा नाहीतर शेळीचं दूध असायचंच.

तरी एकदा दोघींचं बिनसलं. नकोशीच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न ठरलं होतं. बाईंच्या महिला मंचाच्या बैठकीत नकोशीनं मनातलं सांगून टाकलं. लेकीला पहिली हळद आपल्या हातानं लावायची होती, पण कपाळ पांढरं झालेल्या बाईनं हळदीला शिवायचं नाही, ही गावची रीत. बैठकीतल्या बायका शिकलेल्या, नोकरीवाल्या. नवरे धडधाकट असूनही कुणाच्या कपाळी कुंकू नाही की गळ्यात मंगळसूत्र नाही. तत्त्व म्हणून सोडलेलं. विनयाबाई तिला समजावू लागल्या, की हळदकुंकू ही बाईला बांधून ठेवायचीच सोय, त्यात कसला मान शोधतेस?

नकोशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई, तुमी तुमच्या मर्जीनं काढून ठिवलंय. माझं चौघींनी धरून काढलं. दोन्ही येकच हाय व्हय?"

नकोशी पिशवी उचलून थेट एस्टी स्टँडवर आली. घर येईपर्यंत मात्र स्वतःलाच कोसत होती. जिच्यामुळं रान राहिलं, तिला असं तोडून बोलावं का?

बाई आता कशाच्या येतायत, असं तिनं धरून ठेवलं होतं. पण हळदीच्या दिवशी बाई हजर! साधी सुती साडी, मोकळं कपाळ, मोकळा गळा. हळदीचा सगळा कारभार थोरल्या जावेकडं, जयवंताकडं. तिनं बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मनातल्या मनात हळहळली आणि मोठ्या मायेनं त्यांना मांडवाच्या कडेला नकोशीशेजारी नेऊन बसवलं. म्हणजे बाईंनाही विधवाच ठरवून मोकळी!

नकोशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंचे यजमान चांगले ठणठणीत आहेत, हे सांगायला ती उठली; तर बाईंनी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. सवाष्णींची गाणी सुरू झाली. कुंकवाचा करंडा रांगेतल्या प्रत्येकीपुढं थांबत आला आणि या दोघींना वळसा घालून पुढं गेला. शेजारच्या बाईनं तर नजरेला नजरसुद्धा दिली नाही. विनयाबाईंचा चेहरा उतरला.

"नकोशी, इथं बसल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊकच नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी मी चुकले गं."

इतक्यात बाईंचे यजमान रमाकांतराव गाडी लावून आले आणि बायकोला हाक मारत थेट मांडवात शिरले. गाणं तिथंच थांबलं. जयवंतानं जीभ चावली आणि हळदीची वाटी घेऊन धावत आली. चूक झाली म्हणाली, पहिली हळद आता तुम्हीच लावा म्हणून गळच घातली.

"नकोशी लावणार असेल तर मी येते," बाई म्हणाल्या. "नाहीतर आम्ही दोघी इथं बऱ्या आहोत."

जयवंता घुटमळली. सिद्धू गेला त्या दिवशी नकोशीचं मनगट धरून बांगड्या फोडणारी हीच. मागून म्हाताऱ्या कुजबुजल्या, दोघीतिघी तर उठून चालत्या झाल्या. जयवंतानं मागं वळून बघितलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "पोरगी तुझी हाय."

नकोशीनं बोटं हळदीत बुडवली. राजनंदिनीनं गालावरचा आईचा हात दोन्ही हातांनी दाबून धरला, ती सोडीच ना. मग हुंदका आवरून नकोशी मागं वळली. बोटांना अजून हळद होती. समोर विनयाबाई उभ्या. लावू की नको, असं होऊन तिचा हात मध्येच अडखळला.

तत्त्वाच्या एवढ्या पक्क्या बाई, पण त्यांनी गाल पुढं केला.