होडीत ठेवलेला पाय

वहिनीचा फोन आला. "शैला, हे उठनत नाय गो..." एवढंच बोलली. माझा थोरला भाऊ, बाबलदादा, झोपेतच गेला. भेटायला येणारे म्हणतात, बायपासनंतर इतकी वर्षं जगला, नशीबवान. मला राग येतो. नशिबाने नाही, हट्टाने जगला तो.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण मुळातच काटकुळा दादा वेंगुर्ल्याला घरी आला तो नुसता सापळा होऊन. छातीची जखम ओलीच राहिली. डाळ पोटाला सोसेना. डॉक्टरांनी बजावलं, "मासे, अंडी पोटात गेलीच पाहिजेत. अंगात काही नसेल तर जखम भरणार कशातून?" आणि इथे वहिनी त्याला नुसती पेज भरवत बसलेली. ऑपरेशनच्या वेळी तिने देवळात गाऱ्हाणं घातलं होतं, की नवरा पुन्हा होडीत पाय ठेवीपर्यंत घरात मासे-अंडी शिजणार नाहीत. जन्मभर मासळीवर जगलेलं घर, आणि ऐन गरजेला शाकाहारी! इकडे आड, तिकडे विहीर. मी भांडले. ती रडवेली झाली, "देवाक शब्द दिलंय मी. तो मोडून ह्यांका काय झाला तर?" तिची भीती खरी होती. पण तिचा शब्द राखायला दादा मुकाट पेज पीत डोळ्यांदेखत खंगत होता, आणि मला दोघांचीही चीड येत होती.

एका सकाळी तो म्हणाला, "शैला, माका होडयेकडे व्हर."

होडी वाळूवर ओढून ठेवलेली, घरापासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्या वाटेतही तो पुन्हापुन्हा टेकला. बायपाससाठी शीर काढलेला पाय सुजलेला. हातांवर भार दिला तर छातीचं हाड सुटेल, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. मी कंबर धरली. त्याने पाय उचलला... काठापर्यंत पोचेना. पुन्हा उचलला. सगळं अंग थरथरत होतं. वहिनी मागून धावत आली, "नको हो, नको." मग काय वाटलं कोण जाणे, ती वाळूत गुडघे टेकून बसली, त्याचं पाऊल दोन्ही हातांनी उचललं आणि काठावरून आत सोडलं.

"पाय ठेवलंय," तो धापा टाकत म्हणाला. "आता कढी कर."

दुपारी मुडदुशांची कढी झाली. आजाऱ्याला आमच्याकडे हाच मासा देतात, पचायला हलका. दोन घासांवरून तो हळूहळू ताटावर आला, आणि जखम सुकली.

दादाचं तेरावं झालं, तरी वहिनी नीट जेवत नाही. परवा मीच कढी केली. तिने माशाचे काटे काढले आणि गर शेजारी सरकवायला हात पुढे केला. आजारपणात दादाचे हात कापायचे, तेव्हापासून काटे तीच काढून द्यायची, पुढे तो बरा झाला तरी. हात तसाच राहिला. मी उठून त्याच्या जागेवर बसले.

"वयनी, माझ्या ताटात घाल."

तिने घातला. मग स्वतःही जेवली.