पाठ फिरवून पाहिलेली मॅच

माझी मुलगी रेवा पगारी फुटबॉल खेळाडू आहे. शाळेपासून कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत तिच्या एकाही मॅचला मी गैरहजर राहिले नाही, आणि त्यातली एकही मॅच मी पाहिलेली नाही.

(फुटबॉल म्हणजे आपला, पायाने खेळायचा. इथे अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात, आणि लांबुडका चेंडू बगलेत धरून पळण्याला फुटबॉल. मी वाद घालणं सोडून दिलंय.)

न पाहण्याचं कारण सरळ आहे. मी घाबरते. आणि या घाबरण्याची सुरुवात माझ्या माहेरी, सांगलीला झाली. आमच्याकडे टीव्हीवर क्रिकेट लागलं की माणसं जिथल्या तिथे थिजायची. चौकार बसला तेव्हा ज्याचा एक पाय स्टुलावर असेल, त्याचा पाय डाव संपेपर्यंत स्टुलावर! एकदा मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले आणि विकेट पडली. चटणी घेऊन आले, दुसरी पडली. आजोबांनी निकाल दिला, "ही बाहेर आली की पडते. हिला आत ठेवा." तेव्हापासून प्रत्येक मोठी फायनल मी स्वयंपाकघरात काढली. देशासाठी लोक काय काय करतात. मी कांदे चिरले.

लग्न होऊन महेशबरोबर टेक्सासला, फ्रिस्कोत आले, तेव्हा वाटलं सुटले. इथे क्रिकेट नाही, कांदे नाहीत. मग रेवा झाली, सात वर्षांची झाली आणि महेशने तिला सॉकरला घातलं. बाकीची पोरं गुळाला मुंग्या लागाव्यात तशी चेंडूला चिकटायची. आमची रेवा एकटी मागे उभी राहून गवतातली पिवळी फुलं खुडायची. मी म्हटलं, संपलं, आज काढून टाकणार हिला. तर कोच धावत आला. "शी होल्ड्स हर पोझिशन!" अशी माझी मुलगी डिफेंडर झाली.

डिफेंडरचं काम काय ते महेशने मला समजावलं. समोरच्यांना गोल करू द्यायचा नाही. झाला नाही तर कोणी विचारत नाही, झाला तर सगळे हिच्याकडे बघतात. म्हणजे स्वयंपाकासारखंच की! मीठ बरोबर पडलं तर कोणी बोलत नाही. एवढं समजून घेऊन मी मोठ्या उत्साहाने मान वर करून मैदानाकडे पाहिलं, आणि गोल झाला. शंकरपाळ्यांचा डबा उघडायला खाली वाकले, बराच वेळ काही झालं नाही. पुन्हा वर पाहिलं, पुन्हा गोल!

महेशने माझ्याकडे पाहिलं. मी महेशकडे पाहिलं. तो पुण्याचा, शिकलेला, सॉफ्टवेअरवाला माणूस. पण क्रिकेट त्यानेही पाहिलंय.

"मीनल, तू जरा तिकडे बघतेस का?"

"कुठे?"

"तिकडे. ते झाड छान आहे बघ."

माझ्या सासूबाईंनीसुद्धा मला कधी पांढऱ्या पायाची म्हटलं नव्हतं. ते काम एका झाडाकडे बोट दाखवून त्यांच्या मुलाने केलं. मी रागाने झाडाकडे तोंड केलं, आणि आम्ही जिंकलो.

झालं! पुढची सगळी वर्षं मी टेक्सासमधली झाडं पाहिली. जिथे झाड नव्हतं तिथे कुंपण पाहिलं, भिंत पाहिली. शाळेच्या मॅचला दुसऱ्या मुलांच्या आया हळूच जवळ यायच्या. "आर यू ओके?" पहिल्यांदा मी सगळं समजावून सांगायला गेले आणि त्या आणखीच काळजीत पडल्या. मग मला एक वाक्य सापडलं, "इट्स कल्चरल." अमेरिकेत या वाक्यापुढे कोणीही काहीही विचारत नाही. उलट एकीने माझ्या शेजारी उभं राहून थोडा वेळ भिंत पाहिली.

पण न पाहण्याने भीती कमी होते असं कोणाला वाटत असेल तर ते साफ चूक आहे. पाहणाऱ्याला जे घडतं तेवढंच दिसतं. पाठ फिरवलेल्या आईला काहीही दिसू शकतं. मागून नुसता "ओऽऽह" आला की मी मनातल्या मनात रेवाचा पाय मोडून मोकळी व्हायचे. ज्या डोक्याला मी दर रविवारी खोबरेल तेल चोळलं, त्याच डोक्याने ती पोरगी उडून चेंडू मारायची, आणि त्याच वेळी आणखी कोणाचं तरी डोकं तिथे आलेलं असायचं! कॉलेजात एकदा भुवईवर टाके पडले. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि मागे अख्खं मैदान एकदम गप्प झालं. ती शांतता मला अजून कधीतरी ऐकू येते. रेवा मात्र फोटो काढून मैत्रिणींना पाठवत होती.

कॉलेज संपलं. बायोइंजिनिअरिंगची डिग्री हातात आली. मला वाटलं, आता पोरगी चारचौघींसारखी ऑफिसात बसेल आणि डोकं फक्त विचार करायला वापरेल. तर तिला एका क्लबकडून ट्रायलचं बोलावणं आलं. (क्लबचं नाव लिहीत नाही. त्यांच्या सिक्युरिटीने मला आधीच नीट ओळखून ठेवलंय.) इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या शुभदामावशींना मी फोनवर सांगितलं.

"मग डिग्रीचं काय गं?"

"डिग्री आहे ना, मावशी."

"आणि हे?"

"हे पण आहे."

"बरं. एवढ्यात कोणाला सांगू नकोस."

काही आठवडे क्लबबरोबर सराव, शेवटी सीझनच्या आधीची एक मॅच, आणि त्यावरून निर्णय, अशी ती ट्रायल होती. डिफेंडरची एकच जागा रिकामी होती आणि मुली दोन. दुसरी सहा फूट उंच. रेवाला आमच्या दोन्ही घराण्यांनी मिळून जेवढी देता आली तेवढीच उंची दिलेली. रेवाला ही जागा किती हवी होती ते तिने बोलून दाखवलं नाही, पण त्या आठवड्यांत तिने माझ्याशी एकदाही भांडण केलं नाही. त्यानेच मी जास्त घाबरले.

मॅचच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आई, प्लीज. टुडे जस्ट बी नॉर्मल. नुसती सीटवर बस."

"बसते की."

आणि मी शब्द पाळला. सीटवरच बसले. उलटी!

सीटवर गुडघे टेकून, पाठ मैदानाकडे. वर खबरदारी म्हणून ओढणी डोळ्यांवरून घेतलेली. महेश दातओठ खात म्हणाला, "मीनल, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत. त्यांच्या बघण्याने गोल होत नाहीत."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. उलटं बसलं की मागच्या रांगेतला माणूस समोर येतो. तिथे एक दणकट दाढीवाले आजोबा होते, डोक्यावर काउबॉय हॅट, मांडीवर नाचोजचा, म्हणजे चीज ओतलेल्या मक्याच्या चिप्सचा, मोठा ट्रे. पातळ ओढणीतून मला ते दिसत होते आणि त्यांना मी. त्यांनी एक नाचो तोंडात घातला आणि त्यांचा हात थांबला.

"मॅम, मैदान त्या बाजूला आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

"आय नो. इट्स कल्चरल."

"येस, मॅम," म्हणाले बिचारे, आणि खायला लागले.

मग मी ती मॅच त्यांच्या चेहऱ्यावर पाहिली. चावणं चालू म्हणजे चेंडू लांब. चावणं मंद झालं की चेंडू आमच्या बाजूला. तोंड उघडं आणि नाचो हवेत म्हणजे रेवासमोर कोणीतरी आलंय! माझा जीव त्यांच्या जबड्यात अडकला होता. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण हाफटाइमपर्यंत ते घामाघूम झाले आणि मला नाचोज देऊ लागले. मी ट्रे धरला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या बाजूने गोल झाला. एक-शून्य! महेश उठून नाचला. "रेवा काय खेळतेय गं!"

"बोलू नकोस! नजर लागेल!"

थोडाच वेळ उरला होता. माणसं देव पाण्यात घालून बसतात. माझ्याकडे देवही नव्हते आणि पाणी सहा डॉलरला होतं. म्हणून मी ट्रे दोन रांगांमधल्या कठड्यावर ठेवला, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि गणपतीला हाक मारायला लागले. तेवढ्यात समोरच्या टीमची एक मुलगी पडली आणि खेळ थांबला. खेळ थांबला की स्टेडियमचा कॅमेरा गंमत शोधत प्रेक्षकांत फिरतो.

त्याला गंमत सापडली.

आधी हसण्याची लाट आली, मग टाळ्या. हॅटवाले आजोबा लालबुंद होऊन म्हणाले, "मॅम... तुम्ही स्क्रीनवर आहात."

मी ओढणी वर केली, पुन्हा हात जोडले आणि नुसती मान वळवली. समोर दुमजली घराएवढ्या पडद्यावर मी! मैदानाकडे पाठ, डोक्यावर ओढणी, हात जोडलेले, समोर नैवेद्यासारखे नाचोज, आणि मी ज्यांची पूजा करत होते ते हॅटवाले दैवत! पडद्याखाली, गवतावर, माझी मुलगी मान वर करून, तोंड उघडं टाकून तेच बघत होती.

शिट्टी वाजली. खेळ सुरू झाला. रेवाची मान खाली यायला क्षणभर उशीर झाला. जिला तिने अडवायचं होतं ती मुलगी तेवढ्यात तिच्या मागून निसटली. गोल!

आजवर माझ्याविरुद्ध नुसता संशय होता. आता पुरावा झाला, तोही हजारो साक्षीदारांसमोर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. महेश डोक्याला हात लावून बसला.

"टर्न अराउंड, मॅम!" मागून हॅटवाले ओरडले. त्यांचाही आता विश्वास बसला होता! अख्खी रांग ओरडायला लागली, "टर्न अराउंड!" मला वळायचं होतं, देवाशप्पथ. पण मान वळेना. मैदानात रेवा उभी होती, एकटी, कमरेवर हात ठेवून, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

मग तिने दोन टाळ्या वाजवल्या आणि ओरडली. हा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. घरी चार वेळा सांगितल्याशिवाय जी डिशवॉशर लावत नाही, ती दहा जणींना हातवारे करून जागेवर उभं करत होती आणि त्या ऐकत होत्या! एक धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन तिच्या अंगावर आली. मी महेशचा दंड धरला. रेवा मागे सरकत राहिली, सरकत राहिली, आणि शेवटी पोळपाटावरून पोळी उचलावी इतक्या सहज तिने चेंडू काढून घेतला. शेवटी एक उंच चेंडू आला. ती उडाली, समोरच्या टीमचीही एक उडाली, डोकी जवळ आली आणि दोघी खाली पडल्या. माझे डोळे उघडेच राहिले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. रेवा उठली, शॉर्ट्स झटकली आणि पडलेल्या मुलीला तिने हात दिला.

मॅच एक-एक अशी संपली. बाहेर रेवा भेटली तेव्हा मी रडतच होते.

"माझ्यामुळे गेलं गं तुझं. मी कॉलेजपर्यंत सांभाळलं होतं सगळं, आणि आज—"

"आई, स्टॉप. काय सांभाळलं होतंस?"

मी सांगितलं. झाड, कुंपण, भिंत, सगळं. ती ऐकत राहिली. एवढी वर्षं तिला वाटत होतं की आईला सॉकर आवडत नाही.

"आई, लिसन. मी माझी प्लेअर सोडली. मी. तो गोल माझा आहे. तू नाही घेऊ शकत," ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावरची ओढणी नीट करत म्हणाली, "आणि जे गोल झाले नाहीत, ते पण माझे आहेत. ओके?"

 एवढ्या वर्षांत मी तिचे सगळे न झालेले गोल स्वतःच्या नावावर लावून घेतले होते.

तीन दिवस मी फोनच्या आवाजाने दचकत होते. चौथ्या दिवशी क्लबच्या कोचबाईंचा फोन आला. त्यांनी रेवाला सांगितलं, "तू ट्रायलमध्ये चूकच करत नव्हतीस. चुकल्यावर तू काय करतेस, हे मला बघायचं होतं. तुझ्या आईला थँक्स सांग." एक वर्षाचा करार! शुभदामावशींनी ही बातमी त्याच संध्याकाळी अख्ख्या मंडळाला सांगितली.

सीझनच्या पहिल्या मॅचला मी सरळ बसले. ओढणी घरी ठेवली. पूर्ण वेळ डोळे उघडे ठेवून, जीव मुठीत धरून मैदानाकडे पाहिलं. आम्ही तीन-शून्य हरलो. रेवा कुंपणापाशी आली ती हसतच.

"सी? तू पाहिलंस आणि काही झालं नाही."

"अगं, तीन गोल झाले!"

"नॉर्मल गोल होते, आई."

तेव्हापासून मी एकही मॅच सोडलेली नाही आणि एकदाही मान फिरवलेली नाही. आमची टीम सध्या तळाला आहे. रेवा म्हणते त्याचा माझ्याशी काहीही संबंध नाही, कोचबाई म्हणतात, महेशही तेच म्हणतो. फक्त हल्ली तो स्वतःचं तिकीट वेगळ्या रांगेतलं काढतो.