मूडचा रकाना

आमच्या वृद्धाश्रमात कामाला असलेल्या मावशींचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण चिकाटी प्रोफेसरची. इथे रजिस्टरात प्रत्येकाच्या नावापुढे ‘आजचा मूड’ असा रकाना आहे. तो मावशींनी इंग्रजीत भरायचा आणि मी, म्हणजे ऑफिसातल्या कारकुनाने, ज्याच्या त्याच्या लांब राहणाऱ्या मुलांना रोज पाठवायचा. मावशींच्या आधीच्या बाईंनी वर्षभर सगळ्यांना ‘हॅपी’ करून टाकलं होतं.

मावशींना ते पटेना. खिशातली फाटकी डिक्शनरी काढून त्या माझं डोकं खायच्या. “अँग्री आणि अपसेट एकच का हो?”

“काहीही लिहा मावशी, कोण बघतंय?”

“ताट ढकललं तर अँग्री. न जेवता भिंतीकडे तोंड केलं तर अपसेट. एक कसं असेल?”

मी मुकाट दोन्हींचं स्पेलिंग लिहून दिलं.

ऑफिसला लागून असलेल्या खोलीत घड्याळकाका एकटे राहत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. अजूनही डोळ्याला भिंग लावून टेबलाशी बसत. दिवसभर तोंडातून अक्षर नाही. मावशी चार वाजता चहा ठेवत, दारात जरा रेंगाळत आणि रकान्यात लिहीत, ‘लोनली’. असे सलग अकरा दिवस.

बाराव्या दिवशी काकांच्या मुलीचा फोन आला. बाबांना एकाकी वाटतंय, तर त्यांना चौघांच्या खोलीत हलवा. तिथे टेबलाला जागा नव्हती. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं आणि मावशींना विचारलं, “मी काही तक्रार केली होती का?”

मावशी वळल्या आणि तशाच ऑफिसात आल्या. “त्यांच्या मुलीला फोन लावा. मी बोलते.”

“तुमचे बाबा लोनली नाहीत, ताई,” त्या स्पीकरवर टाकलेल्या फोनवर म्हणाल्या. “नुसते अलोन आहेत. खोलीत एकटे असतात, पण टेबलाशी जीव रमलेला असतो. माझी चूक झाली.”

“अकरा दिवस एकच चूक?” मुलीने विचारलं.

मला वाटलं, गेली नोकरी.

“आमचे हे जाऊन दोन महिने झाले,” त्या हळूच म्हणाल्या. “घरी कुलूप काढताना जे वाटतं, तेच मला बाबांच्या दारात वाटायचं. तेच लिहीत गेले. तो शब्द त्यांचा नव्हता. माझा होता.”

मग मुलगी म्हणाली, “टेबल राहू दे तिथेच.”

मावशींच्या तेव्हाच्या रजेच्या अर्जावर शिक्का मीच मारला होता. नंतर एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काकांनी टेबलाशी आणखी एक खुर्ची ओढून ठेवली होती. “चहा इथेच घ्या,” ते मावशींना म्हणाले. “भिंत पातळ आहे. काल सगळं ऐकू आलं.”

संध्याकाळी रजिस्टर माझ्याकडे आलं. शेवटच्या नावाखाली, भिंग लावून लिहिल्यासारख्या मुंगीएवढ्या रेखीव अक्षरात कुणीतरी नवी ओळ भरली होती. नाव : मावशी. आजचा मूड : कालच्यापेक्षा कमी लोनली.

मी ते तसंच सगळ्यांना पाठवून दिलं.